व्हल्कन 900 क्लासिक: हार्लेवाल्यांच्या घोळक्यात जपानी गाडी

मागच्या वसंतात सेकंडहँड कावासाकी व्हल्कन 900 क्लासिक ही मोटरसायकल घेतली. राहतो शिकागोजवळ, म्हणजे हार्लेचं माहेर मिलवॉकी हाकेच्या अंतरावर. इथे क्रूझर, म्हणजे खाली सीटची, रमतगमत चालवायची जड मोटरसायकल, म्हटली की हार्ले, हे गृहीतच असतं. रविवारच्या ग्रुपमध्ये जपानी गाडी माझी एकट्याची. 'राइस बर्नर' म्हणून टोमणे मारून झाले, पण रत्नागिरीच्या माणसाला भातावरून किती चिडवणार?

आधी गाडीबद्दल. 903 सीसीचं व्ही-ट्विन (दोन सिलिंडर 'व्ही'च्या आकारात), फ्युएल इंजेक्शन, बेल्ट ड्राइव्ह. वजन 280 किलोच्या आसपास, पण सीट इतकी खाली की पाय पूर्ण टेकतात, आणि चालायला लागली की वजन विसरायला होतं. इंजिन वॉटर-कूल्ड आहे, तरी सिलिंडरवर एअर-कूल्डसारख्या पट्ट्या आहेत. रेडिएटर फ्रेमच्या पुढच्या दोन नळ्यांच्या मधे असा बसवलाय की समोरून वाकून बघावं तेव्हा दिसतो. हार्लेवाले याला ढोंग म्हणतात. म्हणोत बापडे. जुलैत ट्रॅफिकमध्ये अडकल्यावर त्यांच्या मांड्या भाजतात, माझ्या नाही.

टाकी 20 लिटरची. ग्रुपमधल्या मित्राकडे हार्लेची 2018 ची स्ट्रीट बॉब आहे, तिची साधारण 13 लिटरची. त्यामुळे पेट्रोलसाठी पहिला हात नेहमी तोच वर करतो आणि मी पंपाशेजारी कॉफी पीत उभा. पण हायवेला लागलो की पारडं फिरतं. त्याचं इंजिन जवळपास दुप्पट, वर सहावा गिअर. ताशी 75 मैलांना त्याची गाडी झोपेत असल्यासारखी चालते. माझे पाच गिअर संपलेले असतात, हात उगाच सहावा शोधतो. टॅकोमीटर नाही, त्यामुळे इंजिन किती फिरतंय ते कानानेच ओळखायचं.

आता आवाज. खरं भांडण इथेच आहे, बाकी सगळं तोंडी लावायला. हार्लेचे दोन सिलिंडर 45 अंशांत आणि दोन्ही पिस्टन एकाच क्रँकपिनवर, म्हणजे ज्या खुंटीला धरून ते क्रँक फिरवतात तिच्यावर. म्हणून स्फोट समान अंतराने होत नाहीत: एकदा 315 अंशांनी, मग 405 अंशांनी. त्यातून ती अडखळती धडधड येते. 1994 मध्ये कंपनीने या आवाजाचाच ट्रेडमार्क मागितला, जपानी कंपन्यांनी आक्षेप घेतले आणि 2000 मध्ये अर्ज मागे घेतला गेला. माझ्या गाडीचा आवाज बरा आहे, खोल आहे, पण सिग्नलला शेजारी स्ट्रीट बॉब उभी राहिली की माझी मान आपोआप तिकडे वळते. हे मित्राला अजून सांगितलेलं नाही.

"अमेरिकन गाडी अमेरिकन माणसासाठी" हा मुद्दा मात्र मला पटत नाही. त्याच स्ट्रीट बॉबचे पुढचे फोर्क शोवाचे, म्हणजे जपानी कंपनीचे. आणि होंडाने 1980 पासून बरीच वर्षं गोल्ड विंग ही आपली मोठी टूरिंग मोटरसायकल ओहायोतल्या मेरिसव्हिलमध्ये बनवली. ग्रुपमधले एक सत्तरीचे काका 1983 ची गोष्ट रंगवून सांगतात. हार्ले डबघाईला आली होती. रेगन सरकारने 700 सीसीच्या वरच्या आयात मोटरसायकलींचं शुल्क 4.4 टक्क्यांवरून थेट 49.4 टक्क्यांवर नेलं. जपान्यांनी काय केलं? 750 च्या गाड्या 699 सीसीच्या करून विकल्या! काका अजूनही याला लबाडी म्हणतात, मी हुशारी. पण हेही खरं की हार्लेने त्या काळात इंजिन आणि कारखाना दोन्ही सुधारले आणि 1987 मध्ये, मुदत संपायच्या आत, संरक्षण काढून घ्या असं स्वतःच सांगितलं. याला दाद द्यावीच लागते.

मेंटेनन्समध्ये जपानी गाडी बिनधास्त, हे सरसकट मानू नका. व्हल्कनचं व्हॉल्व्ह क्लिअरन्स (इंजिनाच्या झडपांपाशी ठेवलेली बारीक फट) ठराविक मैलांनंतर तपासावं लागतं, त्यासाठी टाकी उतरवा, कव्हर काढा, फट मोजायच्या पातळ पट्ट्या, म्हणजे फीलर गेज, घालून बसा. हार्लेत ही फट आपोआप जुळवणारे हायड्रॉलिक लिफ्टर असल्याने हा उद्योगच नाही. जवळच्या एका गॅरेजवाल्याने तर "आम्ही जपानी घेत नाही" म्हणून मला दारातूनच वाटेला लावलं. शेवटी मॅन्युअल उघडून गॅरेजमध्ये मीच हात काळे केले. जमतं, फक्त शनिवार जातो.

आमच्या इलिनॉय राज्यात हेल्मेटची सक्ती नाही, आणि पुण्यात वाढलेल्या बायकोला यात काहीच नवल वाटलं नाही. मी घालतो. व्हल्कनला एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) मिळत नाही, ब्रेक दाबताना ओल्या पानांवर मागचं चाक सरकलं की ते जाणवतं.

विस्कॉन्सिनच्या नैऋत्येच्या वळणांवर, मिसिसिपीकाठच्या रस्त्यांवर, ताशी साठ मैलांच्या आतबाहेर चालवणार असाल आणि बजेट आखडतं असेल तर ही गाडी डोळे झाकून घ्या. रोज इंटरस्टेट हायवेवर जायचं असेल तर मोठं इंजिन आणि एबीएस असलेलं काहीतरी बघा, मग टाकीवर नाव कुठलंही असो. आणि विकताना हार्लेला भाव जास्त टिकतो, तो हिशेब आधीच मनात धरा.