बाल आनंद मेळाव्याआधी मुलांच्या हाती कोणती गोष्ट द्यावी?

खान्देशातल्या मुलाला धंदा दाखवायला कुठे न्यावं लागत नाही. कापसाचा भाव, भरलेली केळीची गाडी, आठवडे बाजारातली घासाघीस हे सगळं त्याच्या कानावर जन्मापासून पडतं. त्याच्या कानावर पडत नाही तो खर्च. 'भाव काय मिळाला?' हे पारावर सगळे विचारतात. बियाणं, फवारणी, वेचणीची मजुरी यांत किती गेले, हे मात्र बापाच्या डोक्यातच राहतं.

आमच्या अमळनेर तालुक्यातल्या एका शाळेत बाल आनंद मेळावा होता. पाचवीतल्या एका मुलीनं भज्यांचा स्टॉल लावला होता. संध्याकाळी तिनं डब्यातले पैसे मोजले, सहाशेच्या वर निघाले. वहीत तिनं ठळक अक्षरांत लिहिलं, 'नफा'. बेसन, तेल, कांदे घरून आले होते. आईचे, म्हणजे फुकट. मुलगी हुशार होती, गिऱ्हाईक कसं थांबवायचं हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. तिला फक्त तेलाला पैसे पडतात हे दिसलं नव्हतं.

मुलांना उद्योगाची गोडी लावणाऱ्या गोष्टी अनेक आहेत, आणि 'अमुक मुलगा लखपती झाला' एवढ्यावर पुस्तक निवडलं तर ते चुकतं. मी तीन गोष्टी पाहतो. पहिलं भांडवल कुठून आलं? खर्च पानावर दिसतो का? आणि नुकसान होतं तेव्हा गोष्ट काय करते? आई-बाबांनी, शाळेतल्या बाई-सरांनी एखादंच पुस्तक घ्यायचं ठरवलं असेल, तर हे प्रश्न पुरे आहेत. खाली ज्यांची तुलना केली आहे त्यांतली बरीच पुस्तकं इंग्रजीत आहेत. इंग्रजी माध्यमातलं मूल ती स्वतः वाचेल. मराठी शाळेत मोठ्या माणसानं वाचून आपल्या भाषेत सांगावीत. सांगण्यात काही कमी होत नाही, उलट मुलं मध्येच प्रश्न विचारतात.

पहिली गोष्ट विकत घ्यावीच लागत नाही. अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवानं लिहिलेल्या 'कथासरित्सागरा'त मूषक व्यापाऱ्याची गोष्ट आहे. बाप गेलेला, भाऊबंदांनी सगळं लुबाडलेलं, आईनं कष्टानं लिहिणं आणि हिशेब शिकवलेला असा एक मुलगा विशाखिल नावाच्या सावकाराकडे जातो. सावकार तेव्हा दुसऱ्याच एका तरुणाला झापत असतो: तुला एवढे पैसे दिले आणि तू ते बुडवलेस, हुशार माणूस जमिनीवरच्या या मेलेल्या उंदरावरही पैसा उभा करेल. हा मुलगा पुढे होतो, उंदीर भांडवल म्हणून मागून घेतो, आणि त्याची पावती लिहून देतो. सावकार हसतो, पण पावती पेटीत ठेवतो.

मांजरीसाठी उंदीर विकून दोन मुठी हरभरे मिळतात. ते दळून, पाण्याचा घडा घेऊन तो गावाबाहेर चौकात सावलीत बसतो. थकलेल्या लाकूडतोड्यांना अदबीनं पाणी आणि हरभऱ्याचं पीठ देतो. ते प्रत्येकी दोन लाकडं देतात. लाकडं बाजारात विकायची, आलेल्या पैशांतल्या थोड्याशा भागातून पुन्हा हरभरे, बाकीचे बाजूला. असं करत एक दिवस तो तीन दिवसांची सगळी लाकडं विकत घेतो. मग जोराचा पाऊस लागतो, लाकडाची टंचाई होते, आणि माल कित्येक शे पणांना (पण म्हणजे त्या काळचं नाणं) जातो. शेवटी सोन्याचा उंदीर घडवून तो सावकाराचं कर्ज फेडतो.

या गोष्टीइतकं नेटकं भांडवल मला दुसऱ्या कुठल्याच बालकथेत सापडलेलं नाही. कर्ज आहे, पावती आहे, फेड आहे. 'थोड्याशा भागातून पुन्हा हरभरे' हे अर्धं वाक्य मुलांकडून दोनदा म्हणवून घ्यावं, कारण सगळा धंदा तिथे आहे: आलेले सगळे पैसे खर्चायचेही नाहीत आणि सगळे मालात घालायचेही नाहीत. मी ही गोष्ट चौथीच्या वर्गात सांगितली तेव्हा मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, आन् पानी पडनंच नसतं ते?" कापसाच्या घरातलं पोर ते. भाव वाढेल म्हणून कापूस घरात भरून ठेवणं आणि मग भाव पडणं, हे त्यानं पाहिलेलं होतं. पुढचा सगळा तास त्या प्रश्नावर गेला. गोष्टीची उणीव तीच आहे: मुलाला नुकसान एकदाही होत नाही. ते सांगणाऱ्यानं भरून काढायचं. सात-आठ वर्षांपासून पुढे कुणालाही ही गोष्ट चालते.

दुसरं पुस्तक त्या भजीवालीसाठी आहे. जीन मेरिल यांची 'द टूथपेस्ट मिलियनेअर' ही कादंबरी १९७२ साली आली. अमेरिकेतल्या क्लीव्हलँड शहरात सहावीतला रूफस मेफ्लॉवर दुकानात टूथपेस्टची किंमत बघतो, ७९ सेंट. त्याला प्रश्न पडतो की आत नेमकं आहे काय? खायचा सोडा, थोडा वास, थोडी चव. घरी करून पाहतो, एका नगाला किती खर्च आला ते काढतो, आणि तीन सेंटला विकायला लागतो. एका नगावर सुटतो एक सेंट. सुरुवातीला ट्यूबही नसतात, लहान बाळांच्या खाण्याच्या रिकाम्या बरण्या उकळून वापरतो.

इथे प्रत्येक आकडा पानावर आहे. शाळेच्या गणिताच्या तासाला त्याच्या धंद्याचीच गणितं सोडवली जातात. त्याची मैत्रीण केट लिलावात ५० ग्रोस रिकाम्या ट्यूब घेते. एक ग्रोस म्हणजे १४४, म्हणजे झाल्या ७,२०० ट्यूब. मुलांना पुढचं वाचून दाखवण्याआधी हा गुणाकार फळ्यावर करायला लावा, वर्ग आपोआप जागा होतो. कामाचा मोबदला म्हणून मित्रांना धंद्यात वाटा देणं, वयानं लहान म्हणून बँकेनं दाराबाहेर ठेवणं, यंत्र भाड्यानं घेणं हेही सगळं आहे. रूफस कृष्णवर्णीय आणि केट गोरी, ही मैत्री लेखिकेनं फार सहज रंगवली आहे. त्याचाही वर्गात उपयोग होतो.

अडचणी दोन. किंमती पन्नास वर्षांपूर्वीच्या आणि सेंटमधल्या, त्यामुळे सांगताना रुपयांत आणाव्या लागतात. दुसरी, मुलं घरी सोडा कालवून दात घासायला जातील, ते आधीच थांबवा. भजी किंवा लिंबू सरबतावर तोच हिशेब करायला द्या. दहा ते तेरा या वयाला एकच पुस्तक घ्यायचं असेल तर माझं मत याच पुस्तकाला आहे.

लहान मुलांसाठी, चित्रं हवी असतील तर, केटी स्मिथ मिलवे यांचं 'वन हेन' (२००८) घ्यावं. घानातल्या एका गावातली कुटुंबं पैसे एकत्र करून आळीपाळीनं एकमेकांना कर्ज देतात. कोजोची आई त्यातून सरपण वाहायला गाडी घेते आणि उरलेल्या थोड्या नाण्यांत कोजो एक तपकिरी कोंबडी आणतो. थोडी अंडी घरात, बाकी बाजारात. वर्षभरात २५ कोंबड्या होतात, शाळेची फी निघते, पुढे मोठं कर्ज काढून फार्म उभा राहतो. ही गोष्ट क्वाबेना डार्को या घानातल्याच कुक्कुटपालन व्यावसायिकाच्या आयुष्यावर बेतलेली आहे.

आपल्याकडे हे पुस्तक समजावून सांगावं लागत नाही. ज्या मुलाची आई महिन्याला बचत गटाच्या बैठकीला जाते, हप्ता भरते, वही उघडते, त्याला कोजोच्या आईचं कर्ज लगेच ओळखू येतं. आईच्या गटाकडे ते मूल त्या दिवसापासून वेगळ्या नजरेनं बघतं, हे मी वर्गात पाहिलं आहे. पण एक गोष्ट मला खटकते: कोजोच्या कोंबड्यांना काहीच होत नाही. आमच्या गावात मानमोडी हा कोंबड्यांचा रोग आला की आठवड्यात खुराडं रिकामं होतं, आणि हे मुलांना माहीत असतं. पुस्तक संपल्यावर त्यांनाच विचारा की पंचविसातल्या वीस गेल्या असत्या तर कोजोनं हप्ता कसा भरला असता. लस, थोडी शिल्लक, गटाकडून मुदत अशी उत्तरं मुलं स्वतःच देतात.

जॅकलिन डेव्हिस यांच्या 'द लेमोनेड वॉर' (२००७) मध्ये इव्हान आणि जेसी हे भाऊ-बहीण उन्हाळ्याच्या सुट्टीअखेर सरबत विकून १०० डॉलर आधी कोण कमावतो यावर पैज लावतात. प्रत्येक प्रकरणाच्या सुरुवातीला धंद्यातल्या एका संज्ञेची व्याख्या आहे: भागीदारी, स्पर्धा, भाव पाडणं, मोक्याची जागा. सातवी-आठवीच्या मुलांना या व्याख्या उपयोगी पडतात. मला मात्र यातलं भांडण जास्त मोलाचं वाटतं. जेसी एक इयत्ता ओलांडून भावाच्याच वर्गात येणार असते, त्याला ते सहन होत नाही, आणि धंद्याची स्पर्धा हळूहळू एकमेकांचा माल नासवण्यापर्यंत जाते. खान्देशात एका बाजारपेठेत दोन भावांची दोन दुकानं समोरासमोर असणं नवीन नाही. हिशेबात हे पुस्तक टूथपेस्टच्या मागे आहे, नात्यांच्या बाबतीत खूप पुढे. घरात दोन मुलं असतील तर दोघांना एकत्रच वाचून दाखवा.

मुलगी असेल, आणि तिचे हात चित्रात, रांगोळीत, कानबाईच्या सणातल्या सजावटीत रमत असतील, तर मिताली पर्किन्स यांची 'रिक्षा गर्ल' (२००७) आणा. बांगलादेशातली दहा वर्षांची नईमा अल्पना, म्हणजे तिकडची रांगोळी, काढण्यात गावात पहिली. बापाला हातभार लावावा म्हणून ती त्याची नवी सायकलरिक्षा चालवून पाहते आणि ठोकते. आता घर आणखी कर्जात. मुलाचा वेष करून ती रिक्षा दुरुस्तीच्या दुकानात रंगकाम मागायला जाते, आणि दुकानाची मालक निघते एक विधवा बाई, जिनं महिलांच्या बँकेचं छोटं कर्ज घेऊन धंदा उभारलेला असतो. या यादीत नुकसान आणि त्याची भरपाई खऱ्या अर्थानं याच एका पुस्तकात आहे. रुपये-पैशांचा हिशेब जवळजवळ नाही, तेव्हा एकटं वाचून धंदा कळणार नाही. पण 'मुलींचं काम नाही' हे ऐकत मोठ्या होणाऱ्या पोरीला हे पुस्तक जे देईल, ते बाकीची सगळी मिळूनही देणार नाहीत.

गॅरी पॉल्सन यांचं 'लॉन बॉय' (२००७) पुष्कळ जण सुचवतात. बारा वर्षांच्या मुलाला आजी जुनं गवत कापायचं यंत्र देते, एक शेअर दलाल गिऱ्हाईक रोख पैशांऐवजी त्याची रक्कम शेअर बाजारात लावतो, आणि सुट्टी संपेपर्यंत मुलगा श्रीमंत. वाचायला धमाल आहे. तरी मी ते अमळनेरच्या मुलाच्या हाती पहिलं पुस्तक म्हणून देणार नाही. १९४५ साली मोहम्मद हाशम प्रेमजींनी इथे वनस्पती तेलाचा कारखाना काढला, त्याच कंपनीची पुढे विप्रो झाली, आणि जुने शेअर्स जपून ठेवणाऱ्यांच्या कथा इथली मुलं घरोघरी ऐकतात. पैसा नुसता ठेवून वाढतो ही गोष्ट त्यांना आधीच पाठ आहे. त्या शेअरच्या मागे तेलाची गिरणी होती, आणि तिथे तेल गाळलं जायचं, डबे भरले जायचे, विकले जायचे, हे कमी मुलांना माहीत असतं.

काही पालक म्हणतात, कल्पित गोष्टी कशाला, जैन इरिगेशन उभी करणाऱ्या भवरलाल जैन यांचं चरित्र द्या की. वाकोदच्या त्या तरुणानं १९६३ साली घरात साठलेल्या ७,००० रुपयांवर रॉकेलच्या विक्रीपासून सुरुवात केली, हे जळगाव जिल्ह्यातल्या प्रत्येक मुलाला ठाऊक असायलाच हवं. पण चरित्रातला माणूस मोठा असतो, आणि तो यशस्वी होणार हे पहिल्या पानाआधीच माहीत असतं. दहा वर्षांच्या मुलाला स्वतःच्या वयाचं, घाबरणारं, भावाशी भांडणारं कुणीतरी लागतं. चरित्र आठवीनंतर द्या, तेव्हा ते रुजतं.

आता निवड. पहिली-दुसरीसाठी 'वन हेन', चित्रं दाखवत. तिसरी-चौथीला मूषक व्यापारी, तोंडी. मेळावा करणाऱ्या पाचवी ते सातवीला टूथपेस्ट, आणि मेळाव्याच्या निदान महिनाभर आधी, म्हणजे मुलांना माल ठरवायला आणि खर्च लिहायला वेळ मिळतो. 'रिक्षा गर्ल' वयाकडे न बघता त्या एका मुलीला. शाळेच्या ग्रंथालयात पैसे दोनच पुस्तकांपुरते असतील तर टूथपेस्ट आणि रिक्षा ही जोडी घ्या. उंदीर तर फुकटच आहे. आणि मेळाव्याच्या दिवशी प्रत्येक स्टॉलवर दोन रकान्यांची वही ठेवायला सांगा, डावीकडे घरून आलेला माल बाजारभावानं मांडून, उजवीकडे विक्री.