प्रोजेक्टसाठी अरोरा: एक्स-रे, अतिनील की बलून?

एमएस्सीच्या शेवटच्या सत्रात अरोरावर, म्हणजे ध्रुवीय प्रकाशावर प्रोजेक्ट करायचा, आणि तोही नांदेडात बसून, असं म्हणणारं एखादं पोरगं दरवर्षी भेटतंच. करावा की! नासाचा डेटा खुला आहे, नॉर्वेला जायची गरज नाही. कुठला डेटा धरायचा, एवढंच ठरवायचं.

पहिला पर्याय बलूनचा, म्हणजे उपकरणं उंच हवेत नेणाऱ्या फुग्याचा; तो आपल्याकडे ओळखीचा. हैदराबादहून टीआयएफआर या संशोधन संस्थेचे बलून सुटतात तेव्हा मराठवाड्यातही सूचना फिरते, शेतात पेटी पडली तर हात लावू नका. अरोराचे एक्स-रे १९५७ मध्ये शास्त्रज्ञ विंकलर यांना अमेरिकेत मिनियापोलिसला बलूनवरच सापडले. सेकंदाच्या अंशात होणारे चढउतार पकडायचे तर बलूनच हवा. पण त्याला दिसतं ते डोक्यावरचं शे-दोनशे किलोमीटरचं वर्तुळ, आणि कमी ऊर्जेचे एक्स-रे वरची हवाच गिळून टाकते. चार महिन्यांच्या प्रोजेक्टला मी तो सुचवत नाही.

खरी निवड नासाच्या पोलर उपग्रहावरच्या दोन कॅमेऱ्यांत आहे. २४ फेब्रुवारी १९९६ ला सुटलेला हा उपग्रह २००८ पर्यंत चालला. ध्रुवांवरून जाणारी लांबट कक्षा, एका फेरीला सुमारे अठरा तास, त्यामुळे अरोराचं अख्खं कडं तासन्‌तास नजरेत राहायचं. यूव्हीआय हा अतिनील कॅमेरा, पिक्सी हा एक्स-रेचा.

दवाखान्यातल्या एक्स-रेच्या नळीत इलेक्ट्रॉन धातूवर आपटतात. अरोरात अवकाशातून खाली येणारे इलेक्ट्रॉन शंभरेक किलोमीटर उंचीवर हवेच्या अणूंजवळून जाताना त्यांना करकचून ब्रेक लागतो आणि एक्स-रे निघतात. पण ऊर्जेचा एक टक्कासुद्धा त्यात जात नाही, म्हणजे फोटॉन मोजकेच. त्यात एक्स-रेला साधं भिंग चालत नाही, म्हणून पिक्सी छिद्राचा कॅमेरा होता. पत्र्याच्या घरात भर दुपारी खिळ्याच्या छिद्रातून जमिनीवर गोल कवडसा पडतो ना? छिद्र वेडंवाकडं असलं तरी कवडसा गोलच, कारण ते सूर्याचं चित्र असतं. पिक्सीतही असाच कवडसा, फक्त एक्स-रेचा. छिद्र मोठं केलं की चित्र पुसट, बारीक केलं की फोटॉनच येत नाहीत. म्हणून एका चित्राला काही मिनिटं लागतात, आणि उपग्रह लांब असताना एका ठिपक्यात अख्खा मराठवाडा मावेल.

यूव्हीआयचं चित्र अर्ध्या-पाऊण मिनिटात तयार, कडंही रेखीव. (त्यातही उपग्रहाच्या डगमगीमुळे एका दिशेला फराटा येतो.) मग पिक्सी कशाला? दोन कारणं. उजेडाच्या बाजूला ऊन अतिनील चित्रात घोळ घालतं. एक्स-रेला, सौरज्वाळा सोडल्या तर, दिवसरात्र सारखीच. दुसरं कारण मला जास्त मोलाचं वाटतं. यूव्हीआय मुख्यतः किती ऊर्जा पडली ते सांगतो. एक्स-रेच्या वर्णपटावरून आलेले इलेक्ट्रॉन किती जोरकस होते तेही काढता येतं.

नासाच्या चंद्रा या एक्स-रे अवकाश दुर्बिणीनेही डिसेंबर २००३ ते एप्रिल २००४ मध्ये दहा वेळा, दरवेळी सुमारे वीस मिनिटं, पृथ्वीचा अरोरा पाहिला. त्या अभ्यासाचे प्रमुख लेखक अनिल भारद्वाज. वाचायला उत्तम, प्रोजेक्टला तोकडं.

अरोराचं वादळ कुठून कुठे सरकलं एवढंच दाखवायचं असेल तर यूव्हीआय घ्या, सुखाने झोपाल. इलेक्ट्रॉनची ऊर्जा काढायची हौस असेल तर पिक्सी घ्या, पण त्याच वेळेची यूव्हीआयची चित्रं शेजारी उघडी ठेवा.

आमच्याकडच्या एका मुलीला पिक्सीत असा काही झगमगाट सापडला की ती कुंथलगिरीचे पेढे घेऊन आली. पेढे संपल्यावर आम्ही कक्षा तपासली. उपग्रह तेव्हा पृथ्वीभोवतीच्या किरणोत्सारी पट्ट्यातून, म्हणजे वेगवान कणांनी भरलेल्या भागातून, चालला होता, इलेक्ट्रॉन थेट डिटेक्टरवरच आदळत होते. शेजारच्या यूव्हीआयच्या चित्रात अरोरा नेहमीसारखाच शांत होता.