मेकॅनिकचा स्टेथोस्कोप, आठ महिने वापरून: जुन्या गार्डन ट्रॅक्टरची घरघर आणि माझा पोपट

हा डॉक्टरचा नाही हां, मेकॅनिकचा. गोल डबीला पुढे वीतभर लोखंडी सळई, बाकी नळ्या आणि कानात घालायचं सगळं तेच. मागच्या सप्टेंबरात गणपती झाल्या झाल्या नागदेवी स्ट्रीटवरून साडेतीनशेला आणला. कारण आमच्या मुलुंडच्या कॉलनीतला गवत कापायचा जुना गार्डन ट्रॅक्टर मागून अशी घरघर करायला लागला की तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी गॅलरीतून विचारलं, खाली पिठाची गिरणी टाकली काय. पावसात मैदानावर गवत गुडघ्याला लागतं, ट्रॅक्टरशिवाय भागत नाही, आणि नव्याचं नाव काढलं की कमिटीला एकदम लिफ्टचा खर्च आठवतो.

ट्रॅक्टर हायड्रोस्टॅटिक आहे. म्हणजे गियर टाकायची भानगड नाही, इंजिनवरून पट्टा मागच्या ट्रान्समिशनच्या पुलीवर येतो, आत ऑइलवर चालणारा पंप आणि मोटर, पेडल दाबलं की गाडी पुढे. बोलावलेल्या मेकॅनिकने दोन मिनिटं ऐकलं आणि सांगून टाकलं, ट्रान्समिशन गेलं, खोलावं लागेल, अठरा हजार धरून चाला. मी म्हटलं थांबा, आधी मी ऐकतो.

पहिल्या दिवशी पार्किंग ब्रेक लावला, इंजिन चालू, न्यूट्रलमध्ये सळई ट्रान्समिशनच्या केसिंगवर टेकवली तर कानात नुसता गडगडाट. झालं, मेकॅनिक बरोबर होता, अठरा हजार गेले. मग सहज म्हणून सळई सीटखालच्या पट्टीवर लावली तर तिथेही तोच गडगडाट! सीटमध्ये काय बेरिंग असतं होय? लोखंडातून आवाज सगळीकडे पळतो, त्यामुळे एकाच जागी ऐकून काही कळत नाही, चार जागी लावून कुठे वाढतो आणि कसा बदलतो ते बघायचं. मोठा आवाज फसवतो, त्याची जात ओळखायची.

मग माळीमामांना घेऊन नीट बसलो. आवाज न्यूट्रलमध्ये, गाडी उभी असतानाही होता. म्हणजे चाकांकडचे गियर फिरतच नव्हते तरी घरघर होती, तेव्हा संशय पट्ट्याच्या बाजूला. खात्रीला इंजिन बंद करून बायपासचा दांडा, म्हणजे चाकं ढकलण्यापुरती मोकळी करणारा, ओढला आणि दोघांनी ट्रॅक्टर ढकलला, चाकांकडून एकदम शांत. मग पट्टा काढून इंजिन चालू केलं, घरघर गायब, म्हणजे इंजिनही सुटलं. पट्टा परत चढवून प्रत्येक बोल्टवर सळई ठेवत गेलो. पंपाच्या पुलीजवळ एकसारखं सूंऽऽ आणि पट्टा ताणून धरणाऱ्या दोन आयडलर पुलींपैकी एकीच्या बोल्टवर खर्र खर्र, जात्यात खडा अडकल्यासारखं. इंजिन बंद करून पट्टा सोडवला आणि ती पुली बोटाने फिरवली तर आत वाळू भरल्यासारखी लागली. दर रविवारी प्रेशरच्या पाइपने धुवायची हौस आमचीच, सीलमधून पाणी शिरून ग्रीस कधीच निघून गेलं होतं.

बेरिंग निघालं ६२०३, म्हणजे आत १७, बाहेर ४०, जाडी १२ मिलिमीटर, नागदेवीला कुठल्याही दुकानात मिळतं. दोन्ही बाजूंनी रबरी सीलवालं घ्या. दोन्ही आयडलरची बदलली, घरघर बंद. अठरा हजारांचं काम पाचशेच्या आत, मामांचा चहा वेगळा.

पण गाडी तापली की बारीक शीळ राहिलीच, ती आधी घरघरीखाली दबली होती. ऑइल काढलं तर दुधाच्या चहासारखं, पाणी मिसळलेलं. मॅन्युअलमधलं २०डब्ल्यू-५० भरलं, मग मागची चाकं उचलून आतली हवा काढली, आधी बायपास उघडा ठेवून आणि मग बंद करून, सावकाश पुढे मागे पाच-सहा वेळा. हे केलं नाही तर हवेमुळे पंप अजून ओरडतो. शीळ बरीच कमी झाली. आता मे महिन्यात पाऊण तास चालवून उतारावर चढवली की अजून ऐकू येते, पंप झिजलाय, ते मी मान्य केलंय.

आता मुद्दा यंत्राचा. कानातली बोंडं कडक प्लास्टिकची, दहा मिनिटांत कान दुखतात, मी इयरफोनचे रबर चढवलेत. सळई डिसेंबरपर्यंत गंजली, मुंबईची हवा, तेल पुसून ठेवा. नळी लोंबते, फिरत्या पट्ट्याजवळ आणि ट्रान्समिशनवरच्या पंख्याजवळ जपा, एकदा माझी सळई पुलीला लागली आणि कानात फटाका फुटल्यासारखं झालं, अर्धा तास काही ऐकू येईना. घरी सीलिंग फॅन आणि टाकीच्या पंपाचं बेरिंग यावरच पकडलं. मित्राच्या स्कूटरवर मात्र काही उपयोग झाला नाही, इंजिनच्या आवाजात सगळं बुडतं, टॅपेटची, म्हणजे इंजिनच्या व्हॉल्व्हकडची, टकटक मी बेरिंग म्हणून सांगितली आणि पोपट झाला.

माळीमामांनी हे अजून कानाला लावलेलं नाही. ते लांब डिसमिसची मूठ कानाला टेकवून ऐकतात, आणि दुसरी आयडलरही जाणार हे त्यांनी माझ्याआधी सांगितलं होतं.