भिंतीच्या भेगांचे फोटो: फोन की कॅमेरा?

कोयनेच्या भूकंपाचा धक्का बसला की आमच्या चिपळूण-संगमेश्वरकडे पहिली नजर भिंतींकडे जाते. 11 डिसेंबर 1967 ची पहाट ज्यांच्या घराने सोसली, त्यांना हे सांगावं लागत नाही. वर डहाणू-तलासरीत तर नोव्हेंबर 2018 पासून धक्क्यांची मालिकाच लागली. पंचनामा असो वा इंजिनीअरला विचारणं, नुकसानीचे फोटो लागतातच. ते फोनवर काढावेत की साध्या झूमवाल्या कॅमेऱ्यावर? दोन्ही वापरून झाल्यावर जे वाटलं ते लिहितो.

फोनची बाजू लंगडी नाही. तो हाताशी असतो. तारीख आणि ठिकाण फोटोवरच उमटवणारं ॲप टाकलं की पंचनाम्याला सोयीचं पडतं. फक्त व्हॉट्सॲपवर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. एरवी फोटोतला बारकावा जातो आणि आतली तारीख-ठिकाणाची नोंदही पुसली जाते.

माझं मन फोनवरून उडालं ते एकाच कारणानं. आमचं घर जांभ्याचं, माजघराला आतून गिलावा नाही. जांभा मुळातच भोकाभोकांचा, त्यात केसाएवढी भेग समोरून बघून सापडत नाही. बॅटरी भिंतीलगत धरून तिरका उजेड पाडला, की भेगेच्या कडेने सलग बारीक सावली उमटते आणि भेग दगडाच्या भोकांपासून वेगळी कळते. नेमकी हीच सावली फोन खाऊन टाकतो. अंधारा भाग उजळायचा, खरखरीत भाग गुळगुळीत करायचा, हे सगळं न विचारता. खिडकीच्या कोपऱ्यातून निघून चिऱ्यांच्या सांध्यांतून पायरीपायरीने वर गेलेली भेग डोळ्यांना स्पष्ट दिसत होती. फोटोत ती मधेच तुटायची. आणि इंजिनीअरला तर ती कुठून कुठवर गेली हेच बघायचं असतं. एचडीआर, म्हणजे फोटोतला उजेड-अंधार आपोआप सारखा करणारी सोय, बंद करूनही माझ्या फोनवर फारसा फरक पडला नाही. तुमच्या फोनवर पडेलही, प्रो मोड (सेटिंग हाताने ठरवायची सोय) असेल तर आधी तो जरूर करून पाहा.

कॅमेरा ट्रायपॉडवर लावून फोटो किती उजळ यावा हे हाताने ठरवलं की सावली जागच्या जागी राहते. शिवाय महिन्याभराने त्याच जागेवरून, तेवढ्याच झूमवर पुन्हा फोटो घेता येतो. फोन जवळ नेला की मधेच आपणहून लेन्स बदलतो, मग दोन फोटो ताडून बघणं अवघड. भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने खूण करून तारीख लिहा, शेजारी स्टीलची पट्टी धरा. भेग वाढली का, हे त्यावरूनच ठरतं. दुसरं म्हणजे, मोठ्या धक्क्यानंतर कौलांखालच्या त्रिकोणी भिंतीजवळ कुणी जाऊच नये. झूम असला तर अंगणातल्या मोकळ्या जागेतून काम होतं.

कॅमेऱ्याचा खरा जाच पावसाळ्यात. आपल्याकडच्या दमट हवेत लेन्सला बुरशी धरते, म्हणून तो सिलिका जेल घालून हवाबंद डब्यात ठेवावा लागतो. फोटोवर तारीख बरोबर यावी म्हणून त्यातलं घड्याळही अधूनमधून तपासावं लागतं.

घर गिलावा केलेल्या सिमेंटचं असेल आणि काम एकदाच्या पंचनाम्यापुरतं असेल, तर कदाचित फोन पुरेल. जांभ्याचं जुनं घर असेल आणि भेगांवर वर्षभर नजर ठेवायची असेल, तर मी कॅमेराच घ्या म्हणेन. जुना चालेल, मात्र घेताना लेन्समधून बॅटरीचा उजेड टाकून आत बुरशीचे कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसतात का, तेवढं पाहून घ्या.