टायमिंग लाइट: कार्बोरेटरवाल्या मारुती ८०० आणि पद्मिनीसाठी कोणती घ्यावी?

टायमिंग लाइट म्हणजे एक नंबर सिलिंडरच्या प्लगला ठिणगी पडताच चमकणारा दिवा. त्याच्या प्रकाशात इंजिनाच्या फिरत्या भागावरची खूण थांबल्यासारखी दिसते आणि ठिणगी वेळेवर पडते का, म्हणजे टायमिंग, कळतं. पिस्तुलाच्या आकाराची ही लाइट दोन प्रकारांत मिळते. एक साधी इंडक्टिव्ह, आणि दुसरी मागे डायल असलेली डायल-बॅक. दोन्हींची जोडणी सारखीच: लाल-काळे चिमटे बॅटरीला, तिसरा जाड चिमटा एक नंबर सिलिंडरच्या प्लग वायरला. मारुतीत एक नंबर म्हणजे टायमिंग बेल्टच्या बाजूचा. चिमट्यावरचा बाण प्लगकडे ठेवायचा आणि शेजारची वायर दोन बोटं तरी लांब सारायची, नाहीतर तिची ठिणगी पकडून दिवा मधूनच जादा चमकतो आणि वाचन चुकतं.

पद्मिनीसाठी साधी लाइट पुरते. खुणा पुढे पुलीपाशी आहेत, उघड्यावर दिसतात. मारुती ८०० ची गोष्ट वेगळी. तिची खूण फ्लायव्हीलवर असते आणि गिअरबॉक्सच्या कव्हरचा रबरी बूच काढून छोट्या भोकातून बघावी लागते. रेस केल्यावर ॲडव्हान्स (पिस्टन वर पोहोचण्याच्या किती अंश आधी ठिणगी पडते ते) वाढला की खूण त्या भोकातून पार निघून जाते. डायल-बॅकवर डायल फिरवून ती परत समोर आणता येते आणि ॲडव्हान्स किती अंश झाला ते डायलवर वाचता येतं. मारुतीवाल्याने जास्तीचे पैसे घालावेत ते एवढ्यासाठीच.

मात्र डायलवर डोळे झाकून विश्वास नको. आधीच्या ठिणग्यांच्या अंतरावरून दिवा किती उशिरा पेटवायचा हे ती ठरवते, त्यामुळे आयडलिंग डगमगत असेल तर आकडाही डगमगतो. तपासणी सोपी आहे. डायल शून्यावर ठेवून खूण किती अंशांवर दिसते ते बघा, मग तेवढेच अंश डायलवर लावा. टीडीसीची (पिस्टन सगळ्यात वर असतानाची) रेघ बरोबर काट्यासमोर आली पाहिजे. जेवढी सरकेल तेवढी त्या लाइटची चूक, आणि दोन अंशांपेक्षा जास्त सरकत असेल तर लाइट परत करा. एलईडीच्या स्वस्त लाइट भर उन्हात निकामी ठरतात. झेनॉनच घ्या, खुणेवर खडू किंवा व्हाइटनर लावा आणि गाडी सावलीत घ्या.

वापरण्याआधी सीबी पॉइंटचा, म्हणजे डिस्ट्रिब्युटरमधल्या (प्लगना पाळीने ठिणगी वाटणाऱ्या भागातल्या) उघडझाप करणाऱ्या स्विचचा, गॅप फिलर गेजने (पातळ पट्ट्यांच्या मापाने) लावून घ्यायचा, कारण गॅप बदलला की टायमिंग बदलतं. गॅप वाढला तर पॉइंट लवकर उघडतात आणि टायमिंग पुढे जातं; फायबरची टाच झिजून गॅप मिटला तर मागे पडतं. मग डिस्ट्रिब्युटरला येणारी व्हॅक्यूमची नळी काढून तिचं तोंड बंद करायचं, इंजिन गरम करायचं, आयडलिंग पुस्तकाप्रमाणे ठेवायचं. डिस्ट्रिब्युटर एक अंश फिरवला की क्रँकच्या हिशेबात दोन अंश होतात, म्हणून हलकेच टिचकी मारत सरकवायचा. आणखी एक सावधगिरी: या प्रकाशात फिरता पंखा थांबल्यासारखा दिसतो. वायर, बाही, ओढणी त्याच्या आसपास नको.

टायमिंगचा आकडा जुळवणं हे या यंत्राचं अर्धंच काम. खरी किंमत वसूल होते ती खूण कशी वागते ते बघण्यात. आयडलिंगला खूण इकडेतिकडे नाचत असेल तर डिस्ट्रिब्युटरच्या शाफ्टचं बुश (शाफ्ट ज्यात फिरतो ती कडी) गेलेलं असतं. रोटर (शाफ्टच्या टोकावरचा फिरणारा तुकडा) धरून आडवा हलवला की खेळ हाताला कळतो. पद्मिनीत त्यासोबत पुढून खरखर येत असेल तर टायमिंग चेन ढिली. रेस केल्यावर खूण हललीच नाही तर डिस्ट्रिब्युटरच्या आतली ॲडव्हान्स वाढवणारी वजनं गंजून अडकली आहेत, आणि रेस सोडल्यावर उशिरा परत आली तर स्प्रिंग सैल. व्हॅक्यूमची नळी तोंडाने ओढूनही खूण सरकली नाही तर डायफ्राम (त्या ओढीने ॲडव्हान्स वाढवणारा पडदा) फाटलेला.

एका ठिकाणी मात्र ही लाइट सरळ फसवते. मारुतीत डिस्ट्रिब्युटर कॅमशाफ्टवरून फिरतो. बेल्ट एक दात चुकला तर व्हॉल्व्हसोबत ठिणगीही हलते. मग कोणीतरी डिस्ट्रिब्युटर फिरवून खूण जुळवतो, दिवा ‘बरोबर’ दाखवतो आणि गाडी तरीही ओढत नाही. डिस्ट्रिब्युटर खाचेच्या अगदी टोकाला नेल्यावरच खूण जुळत असेल तर बेल्टचं कव्हर उघडून पुलीच्या खुणा तपासा.

आवाजाच्या बाबतीतही लाइटची मर्यादा ओळखून घ्यावी. तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये चढावर ॲक्सिलरेटर दाबल्यावर येणारी बारीक खणखण म्हणजे नॉकिंग. टायमिंग दोन-तीन अंश मागे घेऊन ती गेली तर कारण ठिणगीत होतं. नाही गेली तर हेडवरचा कार्बन, जास्त गरम होणं किंवा पातळ मिक्श्चर बघा. हल्लीच्या ई-२० (वीस टक्के इथेनॉलच्या) पेट्रोलवर खापर फोडताना लक्षात ठेवा की इथेनॉल नॉकिंग रोखतं; कार्बोरेटरच्या गाडीत त्याने मिक्श्चर पातळ होतं, आणि त्याचा इलाज कार्बोरेटरच्या जेटमध्ये (पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक छिद्रात) आहे, डिस्ट्रिब्युटरमध्ये नाही. आयडलिंगला येणारी टकटक टायमिंगची नसतेच. पॉइंटवाल्या गाडीत एकेक प्लग वायर अर्थ करून बघा: जड ठोका मंदावला तर त्या सिलिंडरचं बिग एंड बेअरिंग (कनेक्टिंग रॉडच्या क्रँककडच्या टोकाचं), आवाज जसाच्या तसा राहिला तर बहुधा टॅपेट (व्हॉल्व्हचा गॅप). थंड इंजिनात येऊन गरम झाल्यावर जाणारा आवाज पिस्टनचा.

मारुती एमपीएफआय (कार्बोरेटरऐवजी इंजेक्शनवाली) असेल तर दोन्हींपैकी काहीच घेऊ नका, टायमिंग ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) ठरवतो. पद्मिनीत नुसतं टायमिंग लावायचं असेल तर पॉइंटच्या टर्मिनलपासून बॉडीला जोडलेला १२ व्होल्टचा बल्बही चालतो. इग्निशन चालू ठेवून क्रँक हाताने फिरवा. पॉइंट उघडताक्षणी बल्ब पेटतो. ॲडव्हान्सचं दुखणं मात्र त्यात दिसत नाही.

विकत घेताना चिमट्याचे जबडे दाबून बघा. आतले फेराइटचे (ठिसूळ चुंबकीय पदार्थाचे) दोन तुकडे फट न ठेवता एकमेकांवर बसले पाहिजेत. फट राहिली किंवा लाइट पडून फेराइट तडकला की चमक मधेच चुकू लागते आणि दोष नसलेल्या गाडीत मिस फायर शोधत बसावं लागतं. चिमटा वायरीतून सुटा काढता येणारी लाइट थोडी महाग पडली तरी तीच घ्यावी.