पथ्याचा डबा, ऐन दिवाळीत

इंदुरात सकाळचे पोहेदेखील शेव आणि जीरावन मसाल्याशिवाय पुढे येत नाहीत आणि रात्रीची जेवणे आटोपल्यावर घरातले कोणी ना कोणी सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊबाजारात चक्कर मारण्याची टूम काढतेच. त्यामुळे नवरात्रापासून भाऊबीजेपर्यंत येथे पथ्य सांभाळणे म्हणजे परीक्षाच असते. आमच्या यजमानांची एचबीएवनसी, म्हणजे मागील सुमारे तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी तपासणी, यंदा 6.3 आली. मधुमेह 6.5 पासून धरतात, म्हणून रामबागेतील घरी दुपारचा पथ्याचा डबा लावला : 26 डबे, प्रत्येकी 160 रुपयांप्रमाणे 4,160 रुपये.

डब्यातील जेवणाविषयी तक्रार नाही. ज्वारीच्या दोन भाकऱ्या, मोड आलेल्या कडधान्याची उसळ, एक भाजी, कोशिंबीर आणि पातळ ताक असा बेत असे, आणि उसळीवर तेलाचा तवंग एकदाही दिसला नाही. दुधी मात्र आठवड्यातून तीनदा भेटीस येई. डबा साडेबाराच्या आत येत असे, फक्त धनत्रयोदशीला राजवाड्याकडच्या गर्दीमुळे दोन वाजले.

या सेवेचे खरे मोल मला त्यांच्या आहारतज्ज्ञ बाईंच्या सल्ल्यात वाटले. फराळ सोडा, असे त्यांनी एकदाही म्हटले नाही. चकली खायची असेल तर त्या दिवशी एक भाकरी कमी करा, आणि चार वाजता चहाबरोबर रिकाम्या पोटी खाण्याऐवजी उसळ व कोशिंबीर खाऊन झाल्यावर खा, म्हणजे साखर एकदम उसळणार नाही, असे त्यांनी सांगितले. घरी ग्लुकोमीटर असल्याने आम्ही हे दोन्ही प्रकारे करून पाहिले आणि फरक स्पष्ट दिसला. सासूबाईंनाही हा हिशेब पटला, हे अधिक महत्त्वाचे. कारण घरातील पथ्य बहुधा आग्रहापुढेच मोडते.

याच सेवेने 650 रुपयांना दिलेला ‘पथ्याचा फराळ’ मात्र घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. लाडवांच्या वेष्टनावर ‘साखर घातलेली नाही’ असे लिहिले होते आणि ते खोटे नव्हते, परंतु लाडू खजुराचे होते, आणि खजुराच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग साखरच असतो. त्यात काजू-बदामांची रेलचेल असल्याने उष्मांकही कमी नव्हते. अनारशांत साखरेऐवजी गूळ होता, पण एका ग्रॅममागे जवळपास चार कॅलरी दोन्हींतून मिळतात. चकली तळलेली नव्हती, भट्टीत भाजलेली होती. तरी खुसखुशीत व्हावी म्हणून तिच्यात मोहन इतके सढळ घातले होते की खालच्या कागदाला तेलाचे डाग पडले, आणि एवढे करूनही ती दातांना दाद देत नव्हती. सर्वांत वाईट म्हणजे ‘पथ्याचा’ हा शब्द वाचून यजमान दोनऐवजी पाच लाडू निःशंकपणे खाऊन मोकळे झाले.

लक्ष्मीपूजनाची सुट्टी आदल्या रात्री नऊ वाजता कळवली गेली, हेही नोंदवावेसे वाटते. त्या दिवसाचा डबा पुढे सरकवून मिळाला, पैसे परत मिळाले नाहीत. पुढच्या महिन्याचा डबा मी लावला आहे, फक्त दुधी आठवड्यातून एकदाच, या अटीवर.