कॉल ऑफ कथुल्हू, सातवी आवृत्ती: अर्ध्यावर मोडलेल्या मोहिमेनंतरचं मत

कॉल ऑफ कथुल्हू हा टेबलाभोवती बसून, आपापलं पात्र घेऊन खेळायचा भीतीचा खेळ. न्यूयॉर्क व्यवस्थित पार पडलं, लंडन रखडत रखडत निम्मं झालं आणि कैरोला जायच्या आतच आमची मोहीम, म्हणजे अनेक बैठकांत चालणारी लांबलचक गोष्ट, मोडली. भांडण झालं नाही, कुणी रुसलंही नाही. 'या शनिवारी जमेल का?' या मेसेजला आधी दोन-तीन अंगठे यायचे, मग एक, मग नुसत्या निळ्या टिका. तरी ओळखीतली मंडळी 'घ्यावा का हा खेळ?' म्हणून विचारत असतात, म्हणून एकदाचं लिहून टाकते. मी कीपर होते, म्हणजे गोष्ट चालवणारी. बाकीचे इन्व्हेस्टिगेटर, म्हणजे छडा लावणारी पात्रं.

खेळ जुना आहे, केऑसियम या प्रकाशन संस्थेने १९८१ साली काढलेला, रचना सँडी पीटरसन यांची. सातवी आवृत्ती २०१४ची. नियम चहा संपेपर्यंत सांगून होतात. कौशल्य टक्क्यांत असतं. कुलूप उघडण्यात तुम्ही ५० असाल, तर शंभराच्या फाशांवर ५० किंवा खाली आलं की उघडलं. काम अवघड असेल तर निम्म्याच्या आत यायला हवं, फारच अवघड असेल तर पाचव्या हिश्श्याच्या आत. सापशिडीनंतर फासा हातात न धरलेली माणसंही आमच्याकडे पहिल्याच संध्याकाळी रुळली.

मला सगळ्यात आवडलेला नियम 'पुश'चा. फसलेला रोल पुन्हा टाकता येतो, पण आता वेगळं काय करतोय ते सांगावं लागतं, आणि पुन्हा फसलं तर परिणाम जबर. लंडनमध्ये एका तळघराच्या दारापाशी आमचा प्राध्यापक अडला.
'पुश करतो.'
'कसं?'
'टाच मारतो बिजागरीवर.'
'आवाज होईल. आत कुणी असेल तर त्याला कळेल.'
फासा हातात घेऊन तो इतका वेळ बसला, की शेजारची म्हणाली, 'अरे टाक ना बाबा, मला घरी जायचंय.' आला ९१. पुढचा अर्धा तास एकानेही फोनला हात लावला नाही.

सॅनिटीचा, म्हणजे पात्राचं डोकं किती ठिकाणावर आहे त्या गुणांचा, हिशेबही असाच डोकेबाज. एका फटक्यात पाच किंवा जास्त सॅनिटी गेली की बुद्धीचा रोल टाकायचा, आणि तो यशस्वी झाला तर वेड लागतं, कारण काय पाहिलं ते तुम्हाला समजलेलं असतं. मठ्ठ माणूस सुटतो. आमच्यातला एकजण शेवटपर्यंत मांत्रिक शोधत होता. भूत म्हटलं की अंगारा, मंत्र, काहीतरी उतारा असणारच, हे आपल्याकडे लहानपणापासून डोक्यात बसलेलं. इथे मंत्र आहेत, पण ते वापरायची किंमत बहुतेकदा सॅनिटीतच मोजायची. 'कथुल्हू मिथॉस' हे ज्ञान, म्हणजे त्या अमानवी शक्तींची माहिती, जेवढं वाढेल तेवढी सॅनिटीची कमाल मर्यादाच खाली येते.

आता मोहिमेकडे. आम्ही घेतली होती 'मास्क्स ऑफ न्यारलाथोटेप', लॅरी डिटिलिओ आणि लिन विलिस यांची, मूळ १९८४ची. आमच्याकडे २०१८ची सुधारित दोन खंडांची. (ज्यांना खेळायचीय त्यांनी हा आणि पुढचा परिच्छेद गाळावा.) १९२५ सालच्या जानेवारीत न्यूयॉर्कच्या एका हॉटेलात लेखक मित्राचा खून होतो, आणि धागा लंडन, कैरो, केनिया, शांघाय, ऑस्ट्रेलिया असा जगभर जातो. मुदत १४ जानेवारी १९२६च्या खग्रास सूर्यग्रहणाची, आणि ते ग्रहण खरोखर झालं होतं. मला तर यातच अर्धे पैसे वसूल वाटले.

खुनाच्या जागी शांघायच्या एका बारची काडेपेटी सापडते. मी वाण्याकडची काडेपेटी आणून तिच्यावर 'स्टम्बलिंग टायगर'चं लेबल डकवलं, कडा चहाच्या पाण्यात पिवळ्या केल्या. ती हातोहात फिरली, फोटो निघाले. लंडनमध्ये शांघायचा विषय निघाला तेव्हा पेटी टेबलावरच होती आणि कुणालाही ती कुठली ते आठवेना. जिने वहीत सगळं टिपलं होतं, तिची नेमकी त्याच महिन्यापासून अमेरिकेच्या वेळेची शिफ्ट सुरू झालेली.

मोहीम मोडते ती इथेच, असं माझं मत आहे. डन्जन्स अँड ड्रॅगन्स या तलवारी-जादूच्या खेळात चार आठवडे दांडी मारलेला माणूस परत येतो तेव्हा त्याची लेव्हल, तलवार, मंत्र सगळं कागदावर शाबूत असतं. कथुल्हूत पात्र बलवान होत नाही, झिजत जातं. साठते ती फक्त माहिती, आणि ती खेळणाऱ्यांच्या डोक्यात. डोकीच आळीपाळीने गैरहजर राहू लागली की दर वेळी पहिला तास उजळणीत जातो, आणि उजळणीत भीती कसली वाटणार? पात्र मेलं तर आणखी पंचाईत. नव्या माणसाने जिवावर उदार होऊन यांच्याबरोबर का फिरावं, याचं कारण प्रत्येक वेळी नव्याने शोधा.

जाता जाता एक. आमच्या एका मैत्रिणीने लंडनमध्ये बॅरिस्टरी शिकणारा पुण्याचा मुलगा पात्र म्हणून घेतला होता. क्रेडिट रेटिंग, म्हणजे पैसा-प्रतिष्ठेचा आकडा, चांगलं, पण १९२५च्या क्लबात त्याला दारातच अडवायचं का? आम्ही अडवलं, आणि तो प्रसंग कुठल्याही राक्षसापेक्षा जास्त अंगावर आला. मूळ मोहिमेत आफ्रिकी आणि आशियाई पंथांचं चित्रण त्या काळच्या स्वस्त मासिकांच्या थाटाचं आहे. नव्या आवृत्तीत बरंच सावरलंय, तरी कीपरने डोळे उघडे ठेवूनच वाचावं.

तर घ्यावा का? खेळ जरूर घ्या. क्विक-स्टार्ट नियम फुकट मिळतात, त्यातच 'द हाँटिंग' हे बॉस्टनमधल्या पछाडलेल्या घराचं प्रकरण आहे, एका संध्याकाळीत संपणारं. सध्या आम्ही अशीच सुटी प्रकरणं खेळतो, जो येईल त्याला घेऊन, आणि भीती लंडनपेक्षा जास्त वाटते. मास्क्स मात्र वार ठरलेला असेल आणि निदान दोघांकडे वही असेल तरच. त्यातही आधी पीडीएफच घ्या. हँडआउट, म्हणजे खेळणाऱ्यांच्या हातात द्यायचे कागद, छापायला ती सोयीची, आणि छापील संच कुरिअर धरून चांगलाच महाग पडतो.